कोठाराची किल्ली

वसाहत आणि गाव यांत एक मोठा भेद आहे. मोकळ्या रानात चार कुटुंबे जाऊन राहिली, त्यांनी झाडे तोडून जमीन मोकळी केली, विहीर खणली, झोपड्या उभारल्या, म्हणजे वसाहत होते. तिला गावपण यावयास मात्र वेळ लागतो. आज अमक्याच्या घरची चूल पेटली नाही, हे ज्या दिवशी पाच घरांपलीकडच्या बाईला कळते आणि ती पदराआड पसाभर तांदूळ घेऊन तिकडे निघते, त्या दिवशी वसाहतीचे गाव होऊ लागते. जमिनीचा नकाशा आखणाऱ्यांची नावे इतिहासात राहतात. त्या पदराआडच्या पसाभर तांदळाचा हिशेब सहसा कोणी लिहून ठेवीत नाही. काही ठिकाणी मात्र तो लिहिला गेला, त्याची मंडळे झाली, कोठारे झाली. अशाच दोन ठिकाणांविषयी आज बोलावयाचे आहे. एक ठिकाण आपल्या महाराष्ट्रातले, पुणे जिल्ह्यातील केडगाव. आणि दुसरे दूर अमेरिकेतील डोंगराळ मुलखातले. दोन्हीकडे स्त्रियांनी धर्मकार्य म्हणून जे हाती घेतले, त्यातून माणसांचा समाज घडला.

लामता, परसवाडा, बैहर या बाजूच्या श्रोत्यांना वसाहत हा शब्द परका वाटू नये. बालाघाट जिल्ह्याचा वरचा पठारी भाग हा एकेकाळी जवळजवळ सारा रानच होता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लछमन नाईक नावाच्या पुरुषाने परसवाड्याच्या पठारावर पहिली गावे वसविली. पुढे १८६७ मध्ये बालाघाटचा स्वतंत्र जिल्हा झाला, तोही मुख्यतः हा प्रदेश लागवडीखाली यावा याच हेतूने. आणि कर्नल ब्लूमफील्ड या अधिकाऱ्याने उत्तेजन देऊन वैनगंगेच्या खोऱ्यातील पोवार शेतकऱ्यांना वर आणून वसविले. गोंड आणि बैगा लोक तेथे आधीपासूनच होते, हे विसरता कामा नये. ज्याला आपण ओसाड रान म्हणतो ते बहुधा कोणाचे तरी घर असते. असो. आज पोवारी, गोंडी, हिंदी आणि मराठी या चारही भाषा कानावर पडाव्यात अशी जी ही भूमी झाली, ती अशा वस्तीमुळे.

ही भाताची भूमी. भाताचे पीक म्हणजे शेवटच्या पावसावर लावलेली पैज. १८९६ साली पाऊस वेळेआधीच आटोपला आणि ती पैज हुकली. वैनगंगेच्या खोऱ्यात भात वाळून गेला. मध्यप्रांतात त्या वर्षी आणि १८९७ मध्ये जो दुष्काळ पडला, त्यात बालाघाट जिल्ह्याचीही दैना झाली. गोंदियापर्यंत आगगाडी आलेली होती. परंतु तेथून उत्तरेस लामत्यावरून नैनपूरकडे जाणारा लोहमार्ग अद्याप व्हावयाचा होता. तो विसाव्या शतकाच्या आरंभी झाला. धान्य बैलगाडीने येणार, आणि बैल तर चाऱ्यावाचून मरत होते. माणसे गाव सोडून निघाली. ज्यांना चालवले ती सरकारी कामावर किंवा अन्नछत्रावर पोहोचली, ज्यांना चालवले नाही ती वाटेतच राहिली. अशा वेळी सर्वांत आधी सुटतो तो लहान मुलींचा आणि विधवांचा हात. मुलगा पुढे कमावील म्हणून त्याला धरून ठेवतात. मुलगी मागे राहते. शिवाय अशा एकट्या मुलींना फसवून नेणारी माणसेही त्या काळात रस्त्यारस्त्यांवर फिरत होती.

या मध्यप्रांतात त्या सुमारास पुण्याहून एक बाई आली. तिचे नाव पंडिता रमाबाई.

रमाबाई कोण होत्या, हे मराठी श्रोत्यांना निराळे सांगावयास नको. १८५८ साली सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात जन्मलेली, वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्या हट्टामुळे संस्कृत शिकलेली, कलकत्त्याच्या विद्वानांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरविलेली ही स्त्री. परंतु १८९६ च्या दुष्काळाच्या वेळी त्यांना घरी बसू न देणारी गोष्ट विद्वत्तेपलीकडची होती. त्या स्वतः दुष्काळातून वाचलेल्या होत्या. १८७४ नंतरच्या दोन-तीन वर्षांत मद्रास इलाख्यात अन्नान्न दशेत त्यांचे वडील, आई आणि थोरली बहीण ही एकामागून एक गेली होती. बहीणभावंडांनी पाल्यावर आणि रानफळांवर दिवस काढले होते. उपाशी मुलीच्या डोळ्यांत काय असते, ते त्यांना कोणी सांगावे लागत नव्हते.

त्या मध्यप्रांतात हिंडल्या, अन्नछत्रे पाहिली, आणि निराधार मुली व स्त्रिया बरोबर घेऊन आल्या. १८९७ साली अशा सुमारे तीनशे जणी त्यांनी आणल्या. पुण्यात त्यांचे शारदासदन होते. परंतु पुण्यात प्लेग होता, आणि इतक्या जणींना शहरात ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. तेव्हा केडगावची शेतजमीन उपयोगी पडली. सदनाला काही कायमचे उत्पन्न असावे म्हणून सुमारे शंभर एकर जमीन रमाबाईंनी आधीच घेऊन ठेवली होती. त्या माळावर घाईघाईने छपऱ्या उभारल्या गेल्या. पुढे १८९८ मध्ये या वस्तीला 'मुक्ती' हे नाव मिळाले.

श्रोतेहो, क्षणभर त्या माळाचे चित्र मनासमोर आणा. तीनशे जणी. कोणी मराठी बोलणारी, कोणी हिंदी. जाती निरनिराळ्या, वये निरनिराळी. बहुतेकींची प्रकृती खंगलेली. एकमेकींचे नावही ठाऊक नाही, आणि एकमेकींच्या हातचे खावयाचे की नाही हाच पहिला प्रश्न. ही गर्दी होती. तिचा समाज कसा करावयाचा?

हाच प्रश्न पन्नास वर्षांपूर्वी जगाच्या दुसऱ्या टोकाला पडला होता, आणि त्याचे उत्तर स्त्रियांच्या एका मंडळाने दिले होते. अमेरिकेत १८३० साली जोसेफ स्मिथ यांनी एक नवा ख्रिस्ती पंथ स्थापन केला. त्याच्या अनुयायांना लोक मॉर्मन म्हणत. शेजाऱ्यांचे आणि त्यांचे पटले नाही. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात त्यांना हाकलण्यात आले. १८४४ मध्ये जमावाने स्मिथ यांचा वध केला. तेव्हा ब्रिगहॅम यंग यांच्या नेतृत्वाखाली हे लोक पश्चिमेकडे निघाले आणि जुलै १८४७ मध्ये खाऱ्या सरोवराच्या खोऱ्यात, आजच्या युटा राज्यात, पोहोचले. तेथेही यूट आणि शोशोनी हे मूळचे लोक होतेच, आणि नव्या वस्तीची किंमत पुढे त्यांना मोजावी लागली.

या लोकांत स्त्रियांचे मंडळ निघाले ते एका अगदी साध्या गरजेतून. इलिनॉय राज्यातील नॉवू या गावी त्यांचे मंदिर बांधले जात होते. तेथे खपणाऱ्या मजुरांच्या अंगावर धड सदरे नव्हते. मार्गारेट कुक नावाची शिवणकाम करणारी बाई आपल्या मालकिणीला, सारा किंबॉल यांना, म्हणाली की मी शिवून देईन, पण कापड माझ्यापाशी नाही. कापड सारा यांनी दिले, शिलाई मार्गारेटने दिली, आणि मग इतर शेजारणींनाही बोलवावे असे ठरले. १७ मार्च १८४२ रोजी एका दुकानाच्या माडीवर वीस स्त्रिया जमल्या आणि 'रिलीफ सोसायटी' म्हणजे साहाय्य मंडळ स्थापन झाले. एमा स्मिथ त्याच्या पहिल्या अध्यक्षा. पुढच्याच वर्षी त्यांनी घरोघर जाणाऱ्या बायांची समिती नेमली. ज्यांच्याकडे अधिक आहे त्यांच्याकडून घ्यावयाचे, ज्यांच्याकडे नाही त्यांचे दार ओळखून ठेवावयाचे, आणि दोन्हींची टिपणे करावयाची, असे तिचे काम. मागणाऱ्याने यावे म्हणून वाट पाहत बसावयाचे नाही, ही त्यातील मोठी गोष्ट होती.

स्थलांतराच्या धामधुमीत हे मंडळ काही वर्षे बंद पडले. परंतु सवय मोडली नाही. १८५६ च्या हिवाळ्यात हातगाड्या ओढीत येणारे वसाहतवाल्यांचे दोन तांडे बर्फात अडकले. दोनशेंहून अधिक माणसे दगावली. ही माणसे वाटेत गारठत आहेत असे सॉल्ट लेकच्या सभागृहात सांगण्यात आले, तेव्हा जमलेल्या बायांनी तेथल्या तेथे अंगातील परकर, पायांतील मोजे आणि जे जे देता येईल ते उतरवून गाड्यांत भरले, अशी आठवण त्यांच्यातील लूसी मेझर्व स्मिथ या बाईने लिहून ठेवली आहे. ठराव नाही, वर्गणीची यादी नाही. आधी ऊब, मग बाकीचे.

१८६८ नंतर एलायझा स्नो यांनी गावोगाव फिरून हे मंडळ पुन्हा उभे केले. सॉल्ट लेकच्या पंधराव्या पेठेतील स्त्रियांनी, त्याच सारा किंबॉल यांच्या पुढारीपणाखाली, स्वतःची इमारत बांधली. खाली दुकान, वर सभागृह. खालच्या दुकानात बायांनी केलेल्या वस्तू विकावयाच्या, आणि वर प्रार्थना, वाचन व विचारविनिमय करावयाचा. पुष्कळ ठिकाणी मंडळापाशी रोख पैसा नसे, म्हणून अंडी, लोणी, सूत, रजया जे असेल ते घेतले जाई. काही गावांतील बायांनी तर रविवारी कोंबड्यांनी घातलेली अंडी मंडळाची, असा नेमच करून टाकला होता.

सर्वांत मोठे काम धान्याचे. १८७६ मध्ये ब्रिगहॅम यंग यांनी एमेलीन वेल्स यांच्यावर धान्य साठविण्याची कामगिरी सोपविली. पुरुष पीक आले की विकून मोकळे होत. दुष्काळासाठी मागे काही ठेवावे, ही गोष्ट त्यांच्या हातून होत नव्हती. बायांनी ती केली. जेथे विकत घेण्यास पैसा नव्हता तेथे त्या मुलाबाळांसह कापणी झालेल्या शेतांत गेल्या आणि सरवा वेचू लागल्या. आपल्याकडे सुगीनंतर गरीब बाया जो सरवा वेचतात तोच हा. फरक इतकाच की येथे तो एका घरच्या चुलीसाठी नव्हता, सबंध समाजाच्या कोठारासाठी होता. गावोगाव कोठारे बांधली गेली. १९०६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले, तेव्हा या कोठारांतील गव्हाचे पीठ तेथे गेले. पुढल्या वर्षी चीनमधील दुष्काळग्रस्तांनाही ते पाठविण्यात आले. आपले कोठार आपल्याच पंथापुरते, असे त्या बाया म्हणाल्या नाहीत.

युटा आणि महाराष्ट्र यांच्यामध्ये एक अनपेक्षित धागा आहे, तो येथे सांगितला पाहिजे. या मॉर्मन स्त्रियांतील काही जणी वैद्यकी शिकण्यासाठी पूर्वेकडे फिलाडेल्फियाला गेल्या. रोमानिया प्रॅट १८७७ मध्ये आणि एलिस शिप १८७८ मध्ये तेथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. घरी परतून त्यांनी सुइणींना शिकविले, आणि १८८२ मध्ये सॉल्ट लेकला जे डेझरेट रुग्णालय निघाले त्यामागे साहाय्य मंडळाच्या स्त्रियाच होत्या. फिलाडेल्फियाच्या याच महाविद्यालयातून मार्च १८८६ मध्ये आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. आणि तो समारंभ पाहण्यास इंग्लंडहून मुद्दाम गेल्या होत्या पंडिता रमाबाई. त्या निमित्ताने रमाबाई अमेरिकेत सुमारे पावणेतीन वर्षे राहिल्या. तेथील स्त्रिया मंडळे कशी काढतात, सभा कशा चालवितात, जमाखर्च कसा ठेवतात, हे त्यांनी बारकाईने पाहिले आणि १८८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या अमेरिकेच्या प्रवासवृत्तात मराठी वाचकांना सांगितले. स्त्रियांनी एकत्र येऊन केवळ भजन न करता संस्थाही चालवावी, ही कल्पना त्यांनी नुसती वाचली नव्हती. ती चालताना पाहिली होती.

आता केडगावच्या माळाकडे परत येऊ. तेथील गर्दीचा समाज कसा झाला? रमाबाईंची युक्ती साधी होती. जी आज आश्रयाला आली, तिला उद्या कोणाची तरी सांभाळणारी करावयाचे. शारदासदनात शिकून तयार झालेल्या स्त्रिया दुष्काळातून आलेल्या मुलींच्या पालक झाल्या. त्या मुली सावरल्यावर पुढच्या खेपेस आलेल्यांच्या पालक झाल्या. १९०० च्या सुमारास गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा तेथून मुली आणण्याच्या कामात मुक्तीतील स्त्रियाच गेल्या. त्यानंतर सदनातील संख्या दोन हजारांच्या घरात पोहोचली. एवढ्या माणसांना रोज दोन वेळ जेवावयास घालावयाचे म्हणजे दळणकांडणापासून सारेच आले. शेती आली, विहिरी आल्या, गाईगुरे आली. विणकाम, शिवणकाम, तेलाचा घाणा, भट्टी आणि धुलाई हे सारे उद्योग निघाले, आणि ते स्त्रियांनीच चालविले. आंधळ्या मुलींसाठी रमाबाईंची कन्या मनोरमाबाई यांनी ब्रेल लिपीचे शिक्षण सुरू केले. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निघाले. ज्यांना बाहेरच्या जगाने टाकून दिले होते त्यांनाही येथे काही काम होते. म्हणून स्थानही होते.

छापखान्याची गोष्ट तर विशेष आहे. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून संपूर्ण बायबल मराठीत आणण्याचे काम अंगावर घेतले. सामान्य बायांना समजावे अशी सोपी मराठी त्यांना हवी होती. अनुवाद त्यांचा, परंतु खिळे जुळविणे, छापणे, बांधणी करणे ही कामे मुक्तीतील मुलींनी केली. ज्या मुली अक्षरशत्रू म्हणून आल्या होत्या, त्यांच्या बोटांनी ही अक्षरे जुळविली. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी वारल्या. सबंध ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला.

ख्रिस्ती लोक आपल्या धर्मसमाजाला 'मंडळी' म्हणतात. हा शब्द मला फार आवडतो, कारण आपण घरातल्या माणसांनाही मंडळीच म्हणतो. केडगावच्या मंडळीत उपदेश करणारी, गाणी शिकविणारी, आजाऱ्यापाशी रात्रभर बसणारी, आसपासच्या खेड्यांत टोळ्या करून जाणारी, सारी स्त्रीच होती. प्रार्थना आणि पीठ दळणे ही कामे तेथे वेगळ्या माणसांची नव्हती. सकाळी जी प्रार्थना सांगे, तीच दुपारी मागावर बसे.

येथपर्यंत सारे गोड आहे. परंतु या दोन्ही वसाहतींच्या कथेत कडू भागही आहे, आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नाही.

भुकेल्या माणसाला अन्नाबरोबर धर्मही द्यावा काय? रमाबाईंवर हा आक्षेप त्यांच्या हयातीतच घेण्यात आला. १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन निघाले तेव्हा तेथे धर्माच्या बाबतीत ढवळाढवळ होणार नाही, असे जाहीर झाले होते. सदन पुण्यास आल्यावर मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, आणि वाद पेटला. 'केसरी'ने कडक टीका केली. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉक्टर भांडारकर यांसारखे सल्लागार बाजूला झाले, आणि पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे असे की, मी कोणाला बोलावीत नाही, पण माझ्या खोलीचे दारही बंद करणार नाही. केडगावला आलेल्या दुष्काळपीडित मुलींना मात्र दुसरे दारच नव्हते. ज्याच्यापुढे एकच ताट आहे, त्याने ते ताट निवडले असे म्हणता येत नाही. हा आक्षेप खरा आहे आणि रमाबाईंच्या थोरवीने तो पुसला जात नाही. त्याचबरोबर, आक्षेप घेणाऱ्यांपैकी फारच थोडे लोक त्या मुलींना आणावयास मध्यप्रांताच्या रस्त्यांवर गेले होते, हेही तितकेच खरे आहे.

मॉर्मन समाजात कडू भाग होता तो बहुपत्नीत्वाचा. १८५२ मध्ये त्यांनी ते उघडपणे जाहीर केले आणि १८९० मध्ये ते सोडल्याचे जाहीर केले. बाहेरचे जग या स्त्रियांना गुलाम समजत असे. त्याच स्त्रिया १८७० पासून मतदान करीत होत्या, 'वूमन्स एक्स्पोनंट' हे आपले वृत्तपत्र १८७२ पासून चालवीत होत्या. १८८७ मध्ये अमेरिकेच्या सरकारने बहुपत्नीत्व मोडण्यासाठी कायदा केला, त्यात त्यांचा मताधिकारही काढून घेतला. तो १८९६ मध्ये युटा राज्य झाल्यावर परत मिळाला. गुलाम की स्वतंत्र, या दोन शब्दांत त्यांचे जीवन मावत नाही. घरात एक बंधन, मंडळात एक मोकळीक, अशी त्यांची स्थिती होती; आणि आपल्याकडील पुष्कळ स्त्रियांना ती ओळखीची वाटेल.

तेव्हा खरा प्रश्न असा की, स्त्रियांनी उभारलेल्या कोठाराची किल्ली शेवटी कोणाच्या कमरेला असते?

युटातील गव्हाची गोष्ट येथे पुरी केली पाहिजे. पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, अमेरिकेच्या सरकारला गव्हाची निकड होती. साहाय्य मंडळाच्या कोठारांत बेचाळीस वर्षे राखलेला गहू होता. दोन लाख बुशेलांहून अधिक, म्हणजे पाच हजार टनांवर गहू सरकारला विकण्यात आला. पुढील वर्षी राष्ट्राध्यक्ष विल्सन सॉल्ट लेकला गेले तेव्हा नव्वदी ओलांडलेल्या एमेलीन वेल्स यांना भेटले आणि त्यांनी आभार मानले. हे सारे गौरवाचेच. परंतु विक्रीचा व्यवहार ठरविला तो पंथाच्या पुरुष अधिकाऱ्यांनी, आणि ज्या बायांनी तो गहू दाणा दाणा वेचून साठविला होता त्यांना आधी विचारले नाही. विकावयास हवाच होता, असे त्याही कदाचित म्हणाल्या असत्या. पण विचारावयास तर हवे होते! पुढे त्या पैशाच्या व्याजातून बाळंतिणींच्या आणि तान्ह्या मुलांच्या शुश्रूषेची कामे मंडळाने केली, हे त्यातले समाधान.

रमाबाईंनी ही किल्ली फार जपली. इंग्लंडमध्ये त्यांना बाप्तिस्मा देणाऱ्या मठातील भगिनींनी गळ्यात घालावयास क्रूस दिला, त्यावर लॅटिन अक्षरे होती. ती भाषा मला आणि माझ्या लोकांना परकी आहे, अक्षरे संस्कृतात असावीत, असे त्यांचे म्हणणे होते. ख्रिस्ती झाल्या म्हणून इंग्रज धर्मगुरूंच्या आज्ञेत राहणे त्यांनी पत्करले नाही. हिंदू सल्लागार निघून गेले म्हणून संस्था बंद केली नाही. बॉस्टनच्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे मदत करण्याचे कबूल केले होते. ती मुदत १८९८ मध्ये संपल्यावर कोणा एका दात्याच्या तोंडाकडे पाहत न बसता, येईल त्या दानावर आणि माळावर पिकेल त्या धान्यावर त्यांनी मुक्ती चालविली. लोकांनी त्यांना हट्टी म्हटले. हट्टी त्या होत्याच. पण किल्ली दुसऱ्याच्या हाती देऊन गोड वागण्यापेक्षा ती आपल्या कमरेला ठेवून हट्टी ठरणे त्यांना बरे वाटले.

आणि अशा कामाचे फळ एकाच धर्माच्या कुंपणात राहत नाही, याचे उदाहरणही याच कथेत आहे. शारदासदनात दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला, आणि पुढे सारा महाराष्ट्र त्यांना बाया कर्वे म्हणून ओळखू लागला. त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. कर्व्यांनी १८९६ मध्ये, म्हणजे त्याच दुष्काळाच्या वर्षी, अनाथ बालिकाश्रम काढला, आणि तो पुढे हिंगण्यास गेला. शारदासदनातील दिव्यावर हिंगण्याचा दिवा लागला, असे म्हटले तर कोणाचाही अवमान होणार नाही. १९०९ मध्ये पुण्यात रमाबाई रानडे यांचे सेवासदन निघाले, तेव्हा स्त्रियांनी संस्था चालवावी की नाही, हा वाद पुष्कळसा मागे पडला होता.

आज वैनगंगेच्या खोऱ्यात १८९६ सारखा दुष्काळ पडत नाही. रेशनचे धान्य गावात येते. लामत्यावरून जाणारा तो जुना अरुंद लोहमार्गही आता रुंद झाला आहे. तरी कोठाराचा प्रश्न संपलेला नाही. त्याचे रूप बदलले आहे. गावोगाव आज स्त्रियांचे बचत गट आहेत. सीमेच्या अलीकडे त्यांना बचत गट म्हणतात, पलीकडे स्वसहायता समूह म्हणतात, काम एकच. महिन्याला ठरलेली रक्कम टाकावयाची, गरजूला कर्ज द्यावयाचे, वही लिहावयाची. ज्या बाया दर आठवड्याला किंवा महिन्याला अशा वर्तुळ करून बसतात, त्यांनी नॉवूच्या दुकानाच्या माडीवरच्या वीस बायांचे नावही ऐकले नसेल. परंतु त्या त्याच कुळातल्या आहेत.

त्यांना या दोन जुन्या वसाहतींकडून घेण्यासारखे काही असेल, तर ते असे. साठा सुगीत करावयाचा असतो, टंचाईत नव्हे. आणि तो मोठ्या देणगीने होत नाही, रविवारच्या अंड्याने आणि शेतातल्या सरव्याने होतो. गरजू बाईने सभेत उठून हात पसरावा याची वाट पाहू नये. तिच्या दारापर्यंत कोणीतरी जावे. जिला आज दिले तिच्या हाती उद्या वही द्यावी. कारण नुसते घेत राहणाऱ्याची मान वर होत नाही, आणि मान वर झाल्यावाचून माणूस समाजात आला असे होत नाही. मदत देताना तिच्या देवाची, जातीची किंवा मताची अट घालू नये. आणि गटाचा पैसा कोठे जावयाचा, हे ठरविताना नवरा, सरपंच किंवा साहेब यांचा सल्ला जरूर घ्यावा. पण सही आपली असावी, आणि ती वाचून केलेली असावी.

गाव वसविणाऱ्या पुरुषांची नावे शिलालेखांवर कोरली जातात, आणि ते योग्यच आहे. मात्र एखाद्या गावात आपण गेलो आणि तेथे परक्यालाही पाणी विचारले जाते, आजाऱ्याच्या घरी न सांगता पेज पोहोचते, असे दिसले, तर समजावे की या गावात कोणीतरी बायांनी पुष्कळ वर्षे मुकाट्याने एक कोठार भरून ठेवले आहे. ते कोठार डोळ्यांना दिसत नाही, परंतु सारे गाव त्याच्यावर जगत असते. त्याची किल्ली ज्यांची त्यांच्याच हाती राहो, एवढी काळजी आपण पुरुषांनी घेतली, तरी आपल्याकडून पुष्कळ झाले.